केउतेगिनचा उजवा हात

केउतेगिनने रिंतोचे पुढचे दोन दात पाडले तेव्हा मी शेजारच्याच बाकावर होते. फेब्रुवारीतली दुपार होती. कारखान्यातली सगळी यंत्रं चालू होती, त्यामुळे रिंतो आत आलेला कुणाला कळलंच नाही. ओमरुना कोपऱ्यात पॉलिशच्या चाकाशी बसली होती. डावा डोळा सुजलेला, आणि तो दिसू नये म्हणून टोपी भुवईपर्यंत ओढलेली. रिंतोने तिची वेणी आपल्या मनगटाला गुंडाळली आणि तिला स्टुलावरून खाली ओढलं.

"घरात चूल थंड पडलीय आणि तू इथं दात घासत बसलीस?"

वॉलरसच्या सुळ्याला आमच्या गावात सगळे दातच म्हणतात. आम्ही अकरा जण ते दात कोरून पोट भरतो.

ओमरुना रिंतोची बायको आणि केउतेगिनची धाकटी बहीण. आईबाप होडीसकट समुद्रात गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि हा एकोणीसचा. यानेच तिला भरवलं, तिच्या उवा काढल्या, तिच्यासाठी चामड्याचे बूट शिवले. त्याने हातातली छिन्नी नीट जागेवर ठेवली. हत्यार तो कधी टाकायचा नाही. मग चालत गेला आणि एकच ठोसा मारला. रिंतो भुशात आडवा झाला, तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले. केउतेगिनने ते उचलले, खिडकीकडे धरून पाहिले आणि म्हणाला, "किडके आहेत. कामाचे नाहीत."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. ठोसा रिंतो विसरला असता, कारण आमच्याकडे ठोसे विसरतात. ते हसणं मात्र तो विसरला नाही.

तसा रिंतो मुळात वाईट नव्हता. एके काळी आमच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा भालाईत नव्हता. होडीच्या टोकावर उभा राहून देवमाशाच्या पाठीत भाला असा सोडायचा की म्हातारेसुद्धा जिभेने टक्कन आवाज काढायचे. एका वर्षी जखमी देवमाशाने होडी उलटवली. दोघं बुडाले, रिंतो वाचला. त्यानंतर तो होडीत चढला नाही. किनाऱ्यावर बसून प्यायला लागला, आणि प्यायला की घरी जाऊन बायकोला मारायचा.

केउतेगिन त्याच्या अगदी उलट. दारूला शिवायचा नाही. पण त्याचा सगळा राग त्याच्या कामात उतरायचा. इतर जण झोपलेले सील आणि गाडी ओढणारी कुत्री कोरत, हा झुंजी कोरायचा. अस्वलाच्या जबड्यात अडकलेला वॉलरस, एकमेकांचे गळे धरलेली कुत्री. दाताचा बाहेरचा भाग गुळगुळीत, पांढरा असतो, आणि आतला गाभा गोठलेल्या चरबीसारखा दाणेदार. हा असा कोरायचा की फाटलेल्या मांसाच्या जागी बरोबर तो दाणेदार गाभा उघडा पडायचा. प्रदर्शनवाले दुरून यायचे. त्या मूर्तींकडे बघताना त्यांच्या बायका हात मागे घ्यायच्या.

आपला दात तो स्वतः निवडायचा. म्हणून दर शरदात शिकाऱ्यांबरोबर भाला घेऊन खाली किनाऱ्यावर उतरायचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेनादी आला. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी त्याची गाडी होती. गावोगाव फिरून तो चोरून दात गोळा करायचा. आमचे दात शिकाऱ्यांच्या संघाचे आणि कारखान्याचे. बाहेर विकायची मुभा नव्हती. एत्तुवी आजाने, म्हणजे आमच्या शिकाऱ्यांच्या म्होरक्याने, त्याला चहा पाजला आणि परतीची वाट दाखवली. गेनादी निघाला तेव्हा त्याच्या गाडीत रिंतो बसला होता. ओमरुनाने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

"गेला," ती मला म्हणाली. "झोया, आज मी पाय पसरून झोपणार."

सप्टेंबरच्या शेवटी कळप आला. भूशिराखालच्या गोट्यांच्या पट्टीवर हजारो वॉलरस एकमेकांवर रेलून पडले होते, आणि जागा न मिळालेले वरच्या घसरणीवरही चढून बसले होते. अशा वेळी गावात कुत्री बांधून ठेवतात, होडीचं इंजिन लावत नाहीत, वाऱ्याच्या दिशेला धूर करत नाहीत. बंदूक तर नाहीच. एक बार झाला की अख्खा कळप पाण्याकडे सुटतो आणि खाली पिल्लं चिरडतात. म्हणून आमची माणसं लांब दांड्याचे भाले घेऊन, पोटावर सरपटत, कडेचे नर तेवढे मारतात.

मी, ओमरुना आणि आणखी सहा बायका वरच्या डोंगरधारेवर सुऱ्या घेऊन थांबलो होतो. खालचं काम उरकलं की कापायला उतरायचं. सकाळ स्वच्छ होती. आठ माणसं घसरणीच्या पायथ्याशी पोचलेली दिसत होती. केउतेगिन डावीकडून तिसरा. त्याने एका जाड मानेच्या नराच्या बगलेखाली भाला घातला, छातीचा भार टाकून आत दाबला आणि फिरवला. नराने मान वर केली, तोंडातून रक्ताची चूळ टाकली आणि तसाच खाली बसला. शेजारच्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. आमची माणसं अशी मारतात.

चौथा नर पडला आणि बार झाला.

आधी वाटलं, कडा फुटला. मग दुसरा बार, तिसरा, मग मोजता येईनात. समोरच्या उंचवट्यावर दोन माणसं गुडघे टेकून गोळ्या झाडत होती. इतक्या लांबूनही मला रिंतोचे खांदे ओळखू आले. ओमरुनालाही आले.

कळप उठला. हजार छात्यांतून एकदम निघालेला तो आवाज मी सांगू शकत नाही. माझ्या पोटात तो अजून आहे. खालचे पाण्याकडे सुटले. घसरणीवरचे मात्र चालू शकले नाहीत, ते गडगडले. टनाटनाची जनावरं एकमेकांवर आपटत, दातांनी एकमेकांची कातडी फाडत, आमच्या माणसांच्या अंगावर आली. एत्तुवी आजा एका खाचेत शिरला. बाकीचे कड्याला चिकटले. केउतेगिन एका खडकामागे पडला, पण भाला त्याने सोडला नाही. तो हात बाहेर राहिला. एक मादी त्या खडकावर आपटली आणि घसरत खाली गेली. तिच्या अंगाखाली त्याचा उजवा हात खडकावर भरडला गेला. त्याची किंकाळी आम्हाला ऐकू आली नाही. फक्त उघडलेलं तोंड दिसलं.

कळप पाण्यात गेला तेव्हा पट्टी लाल होती. आईखाली दबलेली पिल्लं नाकातून फेस काढत होती. माद्या मोडलेल्या पाठीने पुढच्या पायांवर गोल फिरत होत्या. आणि या सगळ्यात रिंतो आणि गेनादी कुऱ्हाडी घेऊन उतरले. जनावर मेलंय की नाही हेही न बघता त्यांनी तोंडं फोडायला सुरुवात केली. गेनादी एकेक दात पोत्यात टाकत होता आणि ओरडत होता, "लवकर! मोठे तेवढे घे!"

रिंतोने एका मोठ्या नराच्या थोबाडावर पाय दिला. नराच्या मानेत गोळी होती, पण जीव होता. त्याने डोकं उचललं आणि खाली आणलं. डावा सुळा रिंतोच्या मांडीतून आरपार जाऊन गोट्यांत रुतला. रिंतो खिळ्याने ठोकल्यासारखा तिथेच राहिला. नर दुसऱ्यांदा मान उचलायला बघत होता. उचलली असती तर पुढचा घाव पोटात बसला असता.

गेनादीने एकदा वळून पाहिलं. पोतं खांद्यावर मारलं आणि पळत सुटला.

"दादा!" रिंतो ओरडला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्याने केउतेगिनला दादा म्हटलं नव्हतं. "दादा!"

केउतेगिन उठला होता. उजवा हात बाहीतून लोंबत होता, बोटं कुठली आणि तळवा कुठला ते कळत नव्हतं. त्याने डाव्या हाताने भाला उचलला आणि चालत गेला. नरापासून आणि रिंतोपासून चार पावलांवर थांबला. भाल्याचं टोक हलत होतं. कधी नराकडे, कधी रिंतोकडे.

माझ्या शेजारी ओमरुना म्हणाली, "राहू दे." ओरडली नाही. तिचा आवाज तिथवर पोचणारच नव्हता. फक्त मी ऐकला.

मग केउतेगिनने भाला नराच्या बगलेत घातला. एका हाताने जोर पुरेना, म्हणून दांड्याचं टोक छातीच्या हाडाला लावून त्याने आपलं अख्खं अंग त्यावर लोटलं. नर हिसडला. केउतेगिन दांड्यासकट उचलला गेला, परत आपटला, पण सुटला नाही. शेवटी नराची मान रिंतोच्या पायावर पडली ती पडलीच. मग केउतेगिन तिथेच ओकला.

गेनादीची गाडी आमच्या धारेमागेच, खोलगटात लपवलेली होती. तो धापा टाकत वर आला आणि समोर आठ बायका पाहून थबकला. एका हातात पोतं, दुसऱ्यात बंदूक.

"बाजूला व्हा गं. माझं तुमच्याशी काही नाही."

"पोतं ठेव," मी म्हणाले. "माणूस खाली टाकून आलास, तसं पोतंही टाक."

त्याने हवेत बार काढला. कुणी हललं नाही. मी पोत्याला हात घातला तशी त्याने बंदुकीचा दस्ता माझ्या बरगडीत हाणला. दोन बरगड्या मोडल्याचा आवाज मीच ऐकला. मी खाली पडले. वर बघते तर ओमरुना. चरबी सोलायची अर्धगोल सुरी तिने त्याच्या मनगटावर अशी चालवली जशी रोज चामड्यावर चालवायची, एकदाच, आपल्याकडे ओढून. बंदूक पडली. मग बाकीच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. बुटांनी, मुठींनी, पोत्यातल्या दातांनी. तो आधी शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग गप्प झाला.

"पुरे!" एत्तुवी आजा वर पोचला होता. त्याच्या डोक्यावरून रक्त वाहत होतं. "जिवंत ठेवा. मेला तर त्याच्यासाठी कागद आपल्यालाच भरावे लागतील."

खाली रिंतोला सोडवायला आजाने रिंतोचीच कुऱ्हाड वापरली. सुळा मुळाशी तोडला आणि मांडीत तसाच ठेवून त्याला गेनादीच्याच गाडीवर घातलं. उपटला असता तर रक्त जाऊन तो तिथेच रिकामा झाला असता.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. दोनशे तेरा जनावरं मेली होती, त्यातली निम्म्याहून जास्त पिल्लं. जमलं तेवढं कापलं, खड्ड्यांत साठवलं, उरलं ते सडलं. त्या वासाने महिन्याभरात वीस-पंचवीस अस्वलं गावाच्या वेशीवर आली. आजाची सहा कुत्री फाडली. एका बाईचा खांदा चावून काढला. हिवाळाभर आम्ही पाणी आणायलाही बंदूकवाल्याशिवाय गेलो नाही.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर पाचव्या दिवशी आलं. तोवर केउतेगिन आणि रिंतो दवाखान्याच्या एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर पडून होते. खोलीच एक होती. माझ्या बरगड्या बांधायला मीही तिथेच होते. तिसऱ्या दिवशी केउतेगिनचा हात काळा पडला, वास यायला लागला. रिंतो तापात बडबडत होता, पण त्या सकाळी शुद्धीवर होता.

"मला का नाही भोसकलंस?" त्याने विचारलं.

केउतेगिन छताकडे बघत राहिला. "नर जवळ होता."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. तू दोन पावलं अलीकडे असतास तर तू गेला असतास. आता गप्प पड, माझा हात ठणकतोय."

शहरात त्याचा अंगठा आणि पुढची दोन बोटं कापली. उरली दोन, तीही वाकायची नाहीत. रिंतोचा पाय वाचला, पण आखडला. कोर्टात शिक्षा झाली. गेनादीला चार वर्षं, रिंतोला दोन. गेनादीच्या मनगटाचं काय झालं असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा एत्तुवी आजा उठून म्हणाला, "साहेब, तिथं जनावरं फार होती." गेनादीने मान खाली घातली. बायकांनी झोडपलं हे त्याला भर कोर्टात सांगायचं नव्हतं.

केउतेगिन डिसेंबरात कारखान्यात आला. आपल्या बाकावर बसला, अर्धवट राहिलेली झुंज शिकंज्यात आवळली आणि उरलेल्या दोन बोटांत छिन्नी धरायला बघितली. ती पडली. उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्याने डाव्या हाताने हातोडा उचलला आणि ती झुंज फोडली. मग कपाटाकडे वळला. तिथे सगळ्यांचं वर्षभराचं काम होतं. आजाच्या नातीसाठी मी कोरलेला लांब दातही होता. पहिल्या घावाला दोन मूर्ती उडाल्या. मी आडवी गेले. त्याने मला कोपराने ढकललं, नेमकं जुळत आलेल्या बरगड्यांवर. मी कळवळून खाली बसले.

ओमरुनाने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की यंत्रांच्या आवाजातही सगळ्यांनी माना वर केल्या.

"एक पुरे झाला मला!" ती ओरडली. "माझ्या आयुष्यात हात उचलणारा एक पुरे झाला, दादा. दुसरा तू होणार असशील तर आत्ताच सांग. मी चालले. कुठं जायचं ते माझं मी बघेन."

केउतेगिनच्या हातून हातोडा गळला. तो भुशात बसला, मघाशी फोडलेले तुकडे चाचपू लागला आणि रडला. हुंदका नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "झोया, लागलं का गं?"

"लागलं," मी म्हणाले. "खूप लागलं."

तो डाव्या हाताने शिकला. पहिलं वर्षभर त्याचे सील बटाट्यासारखे दिसत. आम्ही तोंडावर हसायचो आणि त्याला ते आवडायचं. दुसऱ्या वर्षी त्याने एक मोठा, चांगला वाळलेला दात मागून घेतला आणि आठ महिने कुणाला दाखवला नाही. झाकण काढलं तेव्हा त्यात झुंज नव्हती. एकावर एक पडलेली जनावरं, खाली दबलेली पिल्लं, मोडलेल्या माना. डाव्या हाताचे घाव खरबरीत होते आणि तसेच ठेवलेले. प्रदर्शनाच्या निवड समितीने तो परत पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं, हस्तकौशल्य कमी आणि विषय बघवत नाही. केउतेगिनने चिठ्ठी वाचून घडी केली. "बरोबरच लिहिलंय," म्हणाला. तो दात आता शिकाऱ्यांच्या खोलीत आहे. भाले घ्यायला आलेला प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जातो.

रिंतो शिक्षा भोगून पुढच्या उन्हाळ्यात जहाजाने परतला. ओमरुना किनाऱ्यावर जाळं ओढत होती. केउतेगिन शेजारी बसून मासे साफ करत होता. रिंतो पाय ओढत आला आणि बऱ्याच अंतरावर उभा राहिला.

"मी आता पीत नाही," तो म्हणाला.

"बरं आहे," ओमरुना म्हणाली. "पाणी पीत जा."

"घरी येऊ?"

"घर दादाचं आहे, आणि तिथे मी राहते. तुझी जागा तिथे नाही, रिंतो. पुन्हा विचारू नकोस."

त्याने केउतेगिनकडे पाहिलं. केउतेगिनने एक मासा चिरला, आतडी काढली, दुसरा घेतला.

एत्तुवी आजाने रिंतोला भूशिरावरच्या पहाऱ्याच्या खोपटात बसवलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर तिथे एकट्याने राहायचं. गाडी, होडी, कुत्रं, कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही. काम सोपं होतं, कारण राखायला काहीच नव्हतं. गोळीबारानंतर सलग तीन शरद कळप आलाच नाही. गोट्यांत हाडं पांढरी पडत गेली. रिंतोने ती एकट्याने गोळा करून कड्याला रचली. कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या शरदात एका दुपारी आम्ही केउतेगिनकडे जेवत होतो. दार वाजलं. रिंतो होता. अठरा किलोमीटर तो त्या पायाने चालत आला होता, वाटेत नदी ओलांडताना कमरेपर्यंत भिजलेला. ओठ निळे पडले होते.

"आलेत," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "तीनशे असतील. जास्तच."

केउतेगिनने हातातला घास खाली ठेवला. "पिल्लं?"

"आहेत. मी चाळीस मोजली."

मग केउतेगिनने पायाने एक स्टूल चुलीकडे सरकवलं आणि मानेने खूण केली. रिंतो आत आला, बसला. त्याच्या कपड्यांतून वाफ निघायला लागली. ओमरुनाने त्याच्यासमोर चहा ठेवला, माझ्या ताटात मासा वाढला, आणि सरपण आणायला बाहेर निघून गेली.